अनित्य म्हणजे खोटं नव्हे



आजचा श्लोक : भगवद्गीता, अध्याय २, श्लोक १४.

भगवान अर्जुनाला सांगतात, इंद्रियांचा विषयांशी संबंध आला की थंडी-ऊन, सुख-दुःख जाणवतं. ते येतं आणि जातं. ते सोसायला शीक.

हा श्लोक मी एकदा चुकीचा वापरला. आज तेच सांगते.

माझं आजोळ लोणंदचं. वारीत माउलींच्या पादुकांना नीरा नदीत स्नान घालतात, मग पालखी सातारा जिल्ह्यात येते आणि लोणंदला मुक्काम करते. तेव्हा मामाचं घर वारकऱ्यांनी भरलेलं असतं. अशाच एका संध्याकाळी मामेभावाची आठ वर्षांची लेक मला म्हणाली, "आत्या, माझे हात खूप मोठे झालेत. आणि तू लांब गेलीस, एवढीशी दिसतेस." मी तर तिच्या शेजारीच बसले होते!

आजीने मीठ-मोहऱ्यांनी दृष्ट काढली. भाऊ म्हणाला, "जेवायचं नाही म्हणून नाटकं." आणि रोज गीता वाचणारी मी म्हणाले, "बाळा, हे सगळं खोटं असतं. लक्ष नको देऊस, जाईल."

दहा-पंधरा मिनिटांत गेलंही. पण नंतर तिने कोणालाच काही सांगितलं नाही. दिवाळीत डोकं दुखून ती रडायला लागली, तेव्हा कळलं की तिला असं बऱ्याचदा होत होतं.

डोळे तपासले, ते ठणठणीत. मग मेंदूविकारतज्ज्ञांना दाखवलं. त्यांनी नाव सांगितलं, 'ॲलिस इन वंडरलँड सिंड्रोम'. लुईस कॅरल यांच्या १८६५ सालच्या गोष्टीतली ॲलिस कधी लहान होते, कधी मोठी. त्यावरून जॉन टॉड या ब्रिटिश मानसोपचारतज्ज्ञांनी १९५५ साली हे नाव दिलं. यात बिघाड डोळ्यांत नसतो. डोळ्यांनी आणलेली माहिती जुळवून आकार, अंतर, आपल्या शरीराचं माप मेंदू ठरवतो. तिथे थोडा वेळ गडबड होते. वस्तू लहान-मोठ्या दिसतात, जवळचं लांब वाटतं, कधी वेळही भराभर पळतोय असं वाटतं. मुलांमध्ये हे जास्त आढळतं. मागे बऱ्याचदा मायग्रेन किंवा विषाणूचा संसर्ग असतो, कधी फिट्सचा आजार. म्हणून तपासणी हवीच. पुष्कळ मुलांमध्ये हे पुढे आपोआप थांबतं.

डॉक्टरांनी तिला विचारलं, "हात खरंच वाढतात का गं?" ती म्हणाली, "नाही, मला तसे दिसतात." मग हळूच म्हणाली, "म्हणजे मी खोटं बोलत नव्हते ना?"

त्या रात्री मी हा श्लोक पुन्हा उघडला. त्यात शब्द आहे 'अनित्य'. 'असत्य' नाही! थंडी वाजतच नाही असं भगवंत म्हणत नाहीत. वाजते आणि जाते, असं म्हणतात. पहिल्या अध्यायात अर्जुन सांगतो की अंग थरथरतंय, तोंड कोरडं पडलंय, त्वचा जळतेय, गांडीव हातातून निसटतंय. त्याचं बोलणं संपेपर्यंत श्रीकृष्ण मध्ये एक शब्द बोलत नाहीत. मी मात्र ऐकून घेण्याआधीच उपदेश केला होता.

आणि तिचं ते "मला तसे दिसतात"? तेराव्या अध्यायात शरीराला क्षेत्र म्हटलंय आणि ते जाणणाऱ्याला क्षेत्रज्ञ. दिसणं बिघडलं तरी ते बिघडलंय हे जाणणारं कोणीतरी आत शाबूत होतं. मला जे पाठ होतं, ते ती जगत होती.

आजचा प्रयत्न : कोणी आपल्याला न दिसणारा त्रास सांगितला, तर आधी एवढंच विचारायचं, "कसं होतंय? कधीपासून?" 'सोस' हा शब्द दुसऱ्याला गप्प करायला वापरायचा नाही. आणि सोसणं म्हणजे डॉक्टर टाळणंही नव्हे.

यंदा पालखीच्या मुक्कामी ती पुन्हा जवळ आली. "आत्या, तू परत एवढीशी झालीस." मी तिचा हात धरला. "किती एवढीशी?" तिने दोन बोटांत माप दाखवलं. दोघी हसलो. बाहेर टाळ वाजत होते. थोड्या वेळाने ती म्हणाली, "आलीस."

राम कृष्ण हरी.