घरातला खेळ आणि घराचा पत्ता

मोहगाव या नावाची गावे आपल्या मध्यप्रदेशात एकाहून अधिक आहेत. मंडला जिल्ह्यात एक मोहगाव आहे. सौंसर तहसिलीतले आपले गाव मोहगाव हवेली या जोडनावाने ओळखले जाते. सौंसरला बसमध्ये चढून नुसते "मोहगाव" म्हटले तरी कंडक्टर नेमके तिकीट देतो. परंतु दूरच्या प्रांतातून पत्र पाठविणाऱ्याने पाकिटावर तेवढेच लिहिले, तर ते पत्र कोठे जाऊन पडेल याचा नेम नाही. जवळच्यास पुरणारे नाव दूरच्यास पुरत नाही, ही साधी गोष्ट आम्हां भावंडांस एका खेळाच्या निमित्ताने शिकावी लागली. तो धडा आमच्या शालेय बंधुभगिनींच्या उपयोगी पडेल, या हेतूने येथे देत आहोत.

गेल्या पोळ्यास नागपूरहून आमच्या आत्याची दोन मुले आली होती. ताई अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकते, आणि आतेभाऊ सातवीत आहे. दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा. लाकडी बैल सजवून आम्ही चार घरे फिरून आलो नाही तोच पावसाने गाठले, आणि त्या पावसात बाहेरून येणारी इंटरनेटची लाइन बंद पडली. वीज मात्र शाबूत होती. आतेभाऊ दुसऱ्या दिवशी परत जावयाचा होता. सर्वांनी मिळून एक खेळ खेळावयाचा हे त्याने महिनाभर मनात धरलेले. तो हिरमुसून म्हणाला, "लाइनच नाही, आता काय खेळणार?"

येथेच पहिली गैरसमजूत दूर करावयास हवी. घरातील यंत्रे एकमेकांशी बोलतात ती राउटर नावाच्या पेटीमार्फत. राउटरची कामे दोन : घरातील यंत्रांस एकमेकांशी जोडणे आणि घरास बाहेरच्या जगाशी जोडणे. दुसरे काम थांबले म्हणून पहिले थांबत नाही. गावाबाहेरचा रस्ता पुराने बंद झाला, तरी शेजाऱ्याकडे विरजण मागावयास जाता येतेच. १९९३ साली निघालेला 'डूम' हा प्रसिद्ध खेळ चार संगणक एकमेकांस जोडून खेळता येत असे; त्यासाठी इंटरनेटची गरज नव्हती.

आमचा खेळ 'लुआंटी' हा होता. फिनलंडमधील पेर्टु आहोला यांनी २०१० साली तो 'माइनटेस्ट' या नावाने सुरू केला, आणि २०२४ साली त्याचे नाव बदलले. तो विनामूल्य आहे. चौकोनी ठोकळ्यांचे एक जग असते. त्यात खणावे, बांधावे, शेती करावी. यात कोणतेही एक यंत्र यजमान होऊ शकते. जग त्याच्यापाशी राहते आणि बाकीची यंत्रे पाहुण्यांसारखी तेथे येतात. या यजमानास सर्व्हर म्हणतात. खेळ आमच्या लॅपटॉपवर आणि सर्वांच्या फोनवर आधीच उतरवून ठेवलेला होता. तेव्हा लॅपटॉपला यजमान केले, आणि आम्ही स्वतः त्याच लॅपटॉपवरून १२७.०.०.१ हा पत्ता घालून त्या जगात शिरलो. सर्व ठीक चालले. (यंत्रावर हे आकडे इंग्रजी अंकांतच लिहावयाचे असतात, हे लक्षात ठेवावे.)

आतेभावाने तोच पत्ता आपल्या फोनमध्ये घातला. काही केल्या जोडणी होईना.

ताई हसली. १२७.०.०.१ याचा अर्थ 'माझे घर'. प्रत्येक यंत्राच्या तोंडी त्याचा अर्थ निराळा. लॅपटॉपने तो म्हटला तर लॅपटॉप, फोनने म्हटला तर फोन. बिचारा फोन यजमानास स्वतःच्याच पोटात शोधत होता! लॅपटॉपचा घरातील खरा पत्ता निराळा असतो. विंडोज प्रणालीत आज्ञेच्या खिडकीत 'आयपीकॉन्फिग' ही आज्ञा दिली की तो दिसतो. आमचा निघाला १९२.१६८.१.५.

पत्त्याबरोबर आणखी एक आकडा लागतो. एका वाड्यात अनेक खोल्या असाव्यात, त्याप्रमाणे एका यंत्रात अनेक कामे चालू असतात. कोणता निरोप कोणत्या कामासाठी आला हे कळावे म्हणून प्रत्येकास खोलीसारखा क्रमांक असतो. त्यास पोर्ट म्हणतात. हे क्रमांक ० पासून ६५५३५ पर्यंत असतात. लुआंटीचा नेहमीचा पोर्ट ३००००. शिवाय निरोप धाडण्याच्या रीती दोन. टीसीपी या रीतीत प्रत्येक निरोपाची पोच घेतली जाते. यूडीपी या रीतीत साध्या कार्डाप्रमाणे निरोप टाकून पुढे जावयाचे असते. लुआंटी दुसरी रीत वापरतो. म्हणून पोर्ट उघडताना क्रमांक बरोबर असला तरी रीत चुकली, तर दार बंदच राहते.

पत्ता व पोर्ट दोन्ही बरोबर घातले, तरीही जोडणी होईना. आता अडसर फायरवॉलचा होता. फायरवॉल म्हणजे यंत्राच्या दारावरचा पहारेकरी. अनोळखी निरोपास तो आत सोडत नाही. लॅपटॉप स्वतःशीच बोलतो तेव्हा पहारेकरी मध्ये येत नाही; म्हणूनच आम्हांस आत जाता आले होते, आणि फोनला येत नव्हते. ताई स्वयंपाकघरात आईला मदत करावयास गेली होती. आमच्याने धीर धरवेना. आम्ही पहारेकऱ्यालाच सुट्टी दिली, म्हणजे फायरवॉल समूळ बंद करून टाकली. तत्क्षणी आतेभावाचा फोन आत शिरला आणि एकच आरडाओरडा झाला. त्या आनंदात आपण काय केले याचा आम्हांस विसर पडला.

राहता राहिला ताईचा फोन. तोही जुळेना, आणि याचे कारण सर्वांत गमतीचे होते. वायफायवर बाहेरचे इंटरनेट नाही असे पाहून तिच्या फोनने गुपचूप सिमकार्डाचा रस्ता धरला होता. तो बसला होता आमच्याच ओसरीवर, परंतु पाहत होता बाहेरच्या रस्त्याने. मोबाइल डेटा बंद करताच तो घरच्या वायफायवर परतला. चहा घेऊन आलेल्या आजीने विचारले, "काय करून राह्यले रे पोट्टेहो?" आम्ही सारी हकीकत सांगितली. ती म्हणाली, "एका घरात बसून एकमेकाचं घर सापडत नाही म्हंता?" या प्रश्नावर आम्हां सर्वांस हसू आले, परंतु सगळा विषय तिने एका वाक्यात सांगितला होता.

त्या रात्री आतेभावाने त्या जगात बैलांचा गोठा बांधावयास घेतला. तीन भिंती झाल्या, आणि वीज गेली.

सकाळी वीज आली, बाहेरची लाइनही सुरू झाली, पण कालचा पत्ता लागेना. राउटर घरातील यंत्रांस पत्ते वाटून देतो, ते कायमचे नसतात. तो बंद होऊन पुन्हा सुरू झाल्यावर त्याने नव्याने वाटणी केली, आणि ५ हा क्रमांक आईच्या फोनकडे गेला. लॅपटॉपकडे ८ आला. प्रत्येक यंत्रास बनविणाऱ्याने दिलेला बारा अक्षरांचा एक जन्मक्रमांक असतो. त्या क्रमांकाच्या यंत्रास नेहमी ८ हाच पत्ता द्यावा, असे ताईने राउटरमध्ये नोंदवून ठेवले. त्यानंतर तो पत्ता बदललेला नाही.

इतक्यात बाबांनी लॅपटॉप उघडला, आणि कोपऱ्यातील लाल खूण त्यांच्या दृष्टीस पडली. त्या लॅपटॉपवर आमच्या संत्र्याच्या बागेचा सारा हिशेब असतो. आंबिया बहाराचा सौदा त्याच दिवसांत चालू होता. बँकेचे कागदही त्यातच होते. बाबा रागावले नाहीत. ते एवढेच म्हणाले, "पाहुणा आत यावा म्हणून दार उघडलेत, ते ठीक. पण दार काढूनच टाकले, हे ठीक नव्हे." आमची मान खाली गेली. ताई म्हणाली, "मामा, राउटरची भिंत होती, म्हणून बाहेरचा कोणी सहज आत येऊ शकला नसता. परंतु घरातल्याच एखाद्या फोनला रोग जडलेला असता, किंवा हा लॅपटॉप असाच सौंसरला नेऊन कोठल्या परक्या वायफायला जोडला असता, तर धोका होता." मग तिने योग्य रीत दाखविली. फायरवॉल पुन्हा सुरू केली; घरचे जाळे 'खाजगी' म्हणून नोंदले; आणि केवळ त्या एका खेळास, केवळ खाजगी जाळ्यावर, आत येण्याची मुभा दिली. पहारेकरी जागेवर राहिला आणि पाहुणेही आत आले. हे काम दोन मिनिटांचे होते. आदल्या रात्री तेवढा धीर धरला असता तर!

दुपारी पाहुणे नागपुरास गेले. संध्याकाळी आतेभावाचा फोन आला. "दादा, तोच पत्ता घातला, तोच पोर्ट घातला, पण गोठा दिसत नाही!" त्याचा आवाज रडवेला होता. तेव्हा ताईने आमच्याच गावाचे उदाहरण दिले. १९२.१६८ ने सुरू होणारे पत्ते म्हणजे निरनिराळ्या मुलखांतील मोहगावे होत. ते लक्षावधी घरांत एकाच वेळी वापरात असतात. मोहगावातील आमच्या घरी १९२.१६८.१.८ म्हणजे आमचा लॅपटॉप. नागपुरातील त्यांच्या घरी त्याच आकड्यावर कदाचित त्यांचा दूरदर्शनसंच असेल. तो हाक मारीत होता आपल्याच घरात.

पत्त्यांची ही पुनरुक्ती मुद्दाम केलेली आहे. १९८१ साली ठरलेल्या पद्धतीत एकूण पत्ते ४२९ कोटी ४९ लक्ष ६७ हजार २९६ एवढेच होतात, आणि जगातील यंत्रांस ते पुरत नाहीत. म्हणून घरगुती वापरासाठी काही पत्ते राखून ठेवले आहेत. १० ने सुरू होणारे सर्व, १७२.१६ पासून १७२.३१ पर्यंतचे, आणि १९२.१६८ चे, असे हे तीन गट १९९६ सालच्या नियमाने पक्के झाले. घरातील सर्व यंत्रे बाहेर जाताना राउटरच्या एकाच बाह्य पत्त्याने जातात. आत परतलेला निरोप कोणाचा, हे राउटर आपल्या वहीत पाहून ठरवितो. परंतु न बोलावता बाहेरून आलेल्या निरोपाची त्या वहीत नोंद नसते, आणि राउटर तो टाकून देतो.

अशा निरोपासाठी राउटरमध्ये मुद्दाम एक दिंडी ठेवता येते. तीस पोर्ट फॉरवर्डिंग म्हणतात. 'बाहेरून ३०००० या क्रमांकावर जे येईल ते लॅपटॉपकडे द्यावे' एवढाच तिचा अर्थ. मात्र त्या दिंडीतून आतेभाऊ येऊ शकतो, तसा जगातील कोणीही येऊ शकतो. शिवाय पुष्कळ ठिकाणी सेवा देणारी कंपनी अनेक घरांस मिळून एकच बाह्य पत्ता देते. राउटरचा पत्ता १००.६४ ते १००.१२७ यांमधील असेल तर तसे समजावे. तेथे घरच्या दिंडीचा उपयोग होत नाही, कारण तिच्यापुढे कंपनीचा दरवाजा असतो. पत्त्यांच्या नव्या, सहाव्या आवृत्तीत पत्त्यांची टंचाई नाही. पहाऱ्याची गरज मात्र तेथेही आहे.

आम्ही बाबांस विचारले. हिशेबाचा लॅपटॉप रात्रंदिवस परक्यांपुढे उघडा ठेवावयाचा की नाही, हा प्रश्न होता. "नको," असे ते म्हणाले, आणि आम्हांसही ते पटले. आतेभावास आम्ही कळविले की, तुझा गोठा येथे सुरक्षित आहे, दिवाळीस ये. त्या जगाची एक प्रत आम्ही पेनड्राइव्हवरही काढून ठेवली.

थोडक्यात सांगावयाचे तर, घरात असा खेळ जोडताना पुढील क्रम ठेवावा :

१. यजमान यंत्रावर खेळ स्वतः लागतो की नाही, हे प्रथम पाहावे.
२. त्याचा घरातील पत्ता शोधून तोच सर्वांस द्यावा, १२७.०.०.१ कधीही देऊ नये.
३. सर्व यंत्रे एकाच राउटरच्या वायफायवर आहेत ना, याची खात्री करावी. पाहुण्यांसाठी ठेवलेले वेगळे वायफाय अनेकदा घरातील यंत्रे दिसू देत नाही.
४. फायरवॉल बंद न करता त्या एका खेळास खाजगी जाळ्यावर परवानगी द्यावी.
५. काल लागला आणि आज लागत नाही, तर पत्ता बदलला आहे काय ते पाहावे.
६. घराबाहेर दार उघडण्यापूर्वी, त्या यंत्रात ज्यांचे काही मोलाचे आहे त्यांस विचारावे.

एका वेळी एकच गोष्ट बदलून पाहावी, म्हणजे दोष कोठे होता ते कळते. आम्ही घाईने भलतेच दार सताड उघडले, आणि जोडणी झाली तरी त्यातून काही शिकलो नाही. शिकलो ते ताईने एकेक पायरी दाखविली तेव्हा.

दिवाळीच्या सुट्टीत आतेभाऊ आला. चप्पल काढण्याच्या आधी त्याने पत्ता विचारला. १९२.१६८.१.८, पोर्ट ३००००. गोठ्याच्या तीन भिंती जशाच्या तशा उभ्या होत्या. चौथी भिंत आम्ही सर्वांनी मिळून बांधली.