घर कोणत्या दिशेला?

मे महिन्याच्या सुटीत आम्ही दोन्ही मुलांना घेऊन जांबुघोडा अभयारण्यात तंबूत राहिलो. बडोद्याच्या पूर्वेस सुमारे 70 कि.मी. अंतरावरचे हे जंगल. अंधार पडताच धाकटी रडवेली झाली. "बाबा, आपलं घर कुठे?"

आम्ही तिला सप्तर्षी दाखवले. पुलह ते क्रतू हे अंतर त्याच रेषेत पाचपट पुढे नेले की ध्रुवतारा सापडतो. हात लांब केल्यावर एक मूठ म्हणजे साधारण 10 अंश. आपला अक्षांश सुमारे 22, म्हणून ध्रुव क्षितिजापासून दोन मुठींहून जरासा वर.

ध्रुवाकडे तोंड केले की डावा हात पश्चिमेला. "म्हणजे आजी तिकडे!" असे म्हणून ती निवांत झोपली.

पालकांनो, गच्चीवरूनही हा पाठ घेता येईल.