प्रोस्टेटचा वाढलेला कर्करोग : आशा आणि उपचारांची निवड

प्रतापनगरात रेल्वेच्या निवृत्त मंडळींची वस्ती मोठी. संध्याकाळी बाकावर बसून पेन्शन, गुडघे, मधुमेह यांची चर्चा ही मंडळी मोकळेपणाने करतात. परंतु लघवीच्या तक्रारीचा विषय निघाला की बोलणे थांबते. वय झाले, चालायचेच, असे म्हणून वर्ष-दोन वर्षे जातात. मग कंबर दुखू लागते, मालिश होते, शेक होतो, आणि अखेर तपासणीत कळते की प्रोस्टेट ग्रंथीचा कर्करोग हाडांपर्यंत पोहोचला आहे. अशा घराने पुढे विचार कसा करावा, हे प्रस्तुत लेखात मांडण्याचे आम्ही योजिले आहे. आम्ही वैद्य नव्हे, शिक्षक आहोत. औषध सुचविण्याचा आमचा अधिकार नाही. पण जे समजण्यासारखे आहे ते समजावून सांगणे हा तर आमचा धंदाच.

प्रोस्टेट ही मूत्राशयाखाली असणारी, अक्रोडाएवढी पुरुषग्रंथी. तिच्यातील कर्करोग पुरुषी संप्रेरकावर, म्हणजे टेस्टोस्टेरॉनवर, पोसला जातो. ही गोष्ट शिकागोचे डॉ. चार्ल्स हगिन्स यांनी १९४१ साली दाखवून दिली व त्याबद्दल त्यांना १९६६ साली नोबेल पारितोषिक मिळाले. रोगाचा हा शिधा तोडणे हाच आजही पसरलेल्या रोगावरील उपचाराचा पाया आहे. त्याचे मुख्य मार्ग दोन. एक, लहानशा शस्त्रक्रियेने वृषण काढून टाकणे. दुसरा, दर महिन्याला किंवा तीन महिन्यांनी इंजेक्शन घेणे. रोगावरील परिणाम दोहोंचा सारखाच. शस्त्रक्रिया एकदाच होते, खर्च थोडा. इंजेक्शने बहुधा आयुष्यभर चालतात. अंगात अचानक उष्णतेच्या लाटा येणे, थकवा, कामेच्छा मावळणे, हाडे ठिसूळ होणे हे त्रास दोन्हींकडे संभवतात.

येथे घरोघर एक चूक होते. मुलगा व जावई बाहेरच्या खोलीत निर्णय घेतात आणि ज्याचे शरीर आहे तो आतल्या खोलीत असतो. शस्त्रक्रियेचे नाव काढले की ‘मर्दानगी’चा प्रश्न उभा राहतो, वडिलांना कसे सांगावे म्हणून इंजेक्शन सुरू होते, आणि पुढे पैसे संपले की चार महिने राहून जाते. आमच्या मते किती वर्षे किती खर्च झेपेल हा हिशेब पहिल्याच महिन्यात, रुग्णाच्या समोर मांडावा. कित्येक वृद्ध स्वतःच म्हणतात, शस्त्रक्रिया करून टाका. ज्याला ते मनाने पटत नाही त्याचे मनही खरेच आहे. त्याच्यासाठी इंजेक्शनाची तरतूद व्हावी.

मात्र प्रकृती झेपत असेल तर आज एवढ्यावरच थांबत नाहीत. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासात, ज्यांचा रोग अधिक पसरला होता त्यांना आरंभीच संप्रेरक-उपचाराबरोबर डोसेटॅक्सेल ही केमोथेरपी दिली, तेव्हा आयुष्याचा मध्यक सुमारे ३२ महिन्यांवरून ४९ महिन्यांवर गेला. अबिरॅटेरोनसारख्या गोळ्यांचाही असा उपयोग होतो. आता हा ‘मध्यक’ म्हणजे काय, ते नीट पाहावे, कारण डॉक्टरांच्या तोंडून एक आकडा ऐकून कित्येक घरे हातपाय गाळतात.

वर्गातील सात मुले उंचीने रांगेत उभी केली, तर चौथ्या मुलाची उंची हा मध्यक. तीन मुले त्याच्याहून उंच आहेतच, आणि सातवा किती उंच आहे हे चौथ्याला पाहून कळत नाही. ‘तीन वर्षे’ हा मध्यक असेल तर अर्धे रुग्ण तीन वर्षांपुढे जातात. काही पुष्कळच पुढे. फ्रान्सचे अध्यक्ष मित्तराँ यांना १९८१ साली, निवडून आल्यावर काही महिन्यांतच, हाडांत पसरलेला हाच रोग असल्याचे निदान झाले. त्यांनी दोन कारकीर्दी पूर्ण केल्या, १९९५ साली पद सोडले आणि जानेवारी १९९६ मध्ये ते निवर्तले. सर्वांचे असे होईल असे आम्ही मुळीच म्हणत नाही. मध्यकाच्या अलीकडेही अर्धी रांग असतेच. परंतु त्यांनी आपला रोग राष्ट्रापासून वर्षानुवर्षे लपविला, तरी स्वतःपासून लपविला नाही. आपल्याकडे नेमके उलटे होते. सगळ्या आळीला ठाऊक असते, आणि रुग्णाला ‘गाठ साधी आहे’ म्हणून सांगतात.

खर्चाविषयी थोडे. अबिरॅटेरोनच्या चार गोळ्या रोज उपाशीपोटी घेण्याची रूढ पद्धत आहे. हलक्या न्याहारीबरोबर एकच गोळी दिली तर पीएसए या रक्ततपासणीवर जवळजवळ तितकाच परिणाम होतो, असे ७२ रुग्णांवरील एका अभ्यासात २०१८ साली आढळले. अभ्यास लहान होता, आणि हे मनाने कोणी करू नये; पण ‘आम्हाला चार झेपत नाहीत’ असे डॉक्टरांना सांगण्यात लाज कसली? निवृत्त रेल्वे नोकरांना येथील रेल्वे रुग्णालयाचा आधार आहे. इतरांनी आयुष्मान कार्डाची चौकशी आधी करावी, दागिने नंतर. दुसरे मत घ्यावयाचे तर वाघोडिया तालुक्यातील गोरजचे कैलास कॅन्सर हॉस्पिटल, अहमदाबादची १९७२ साली स्थापन झालेली गुजरात कॅन्सर संस्था आणि परळचे १९४१ पासूनचे टाटा रुग्णालय आहे. जाताना बायोप्सीचा अहवाल, स्कॅन व सर्व पीएसए तारीखवार लावून न्यावे. ‘आणखी किती दिवस?’ याच्याआधी ‘या औषधाने काय मिळेल, काय त्रास होईल, आणि न घेतल्यास काय?’ हे विचारावे.

आशा प्रत्येकाची निराळी असते. कोणाला नातीचे लग्न पाहावयाचे असते, कोणाला हज, कोणाला पंढरपूर. ते डॉक्टरांना सांगावे. केमोथेरपीच्या तारखा पुष्कळदा मागेपुढे करता येतात. पुढे एखादा दिवस असा येतो की रुग्ण म्हणतो, आता सुई नको. त्याला भित्रा म्हणू नये. उपचार थांबले तरी दुखणे कमी करण्याचे काम थांबत नाही. हाडाच्या साध्या दुखण्यावर बहुधा किरणांची एकच बैठक अनेक बैठकींइतका आराम देते, म्हणून त्यासाठी मुंबईत आठवडेच्या आठवडे खोली घेऊन राहण्यापूर्वी तसे विचारून घ्यावे. मॉर्फिनच्या गोळ्यांना लोक विनाकारण भितात. डॉक्टरांच्या देखरेखीखाली त्या दुखण्यावर दिल्या जातात, आणि त्या मिळण्यातील कायद्याची अडचण २०१४ च्या दुरुस्तीने हलकी झाली आहे.

एक गोष्ट मात्र घरातील प्रत्येकाने ध्यानात ठेवावी. अशा रुग्णाच्या पायातील शक्ती एकाएकी कमी झाली, पाय बधिर झाले किंवा लघवी-शौचाचा ताबा गेला, तर मणक्यातील मज्जारज्जूवर दाब आलेला असू शकतो. तेव्हा सकाळची वाट पाहू नये. रात्र असली तरी त्याच वेळी गाडी करून मोठ्या रुग्णालयात न्यावे.