कामावरील अपघात आणि भरपाईचा हक्क

कामावर असताना कामगाराला अपघात झाला, तर मिळणारी भरपाई ही मालकाची मेहेरबानी नसून कामगाराचा हक्क होय. हे तत्त्व आपल्या देशात १ जुलै १९२४ रोजी, म्हणजे १९२३ चा कामगार नुकसानभरपाई कायदा लागू झाला त्या दिवशी, अमलात आले. त्याची जागा आता सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० ने घेतली असून ती २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू आहे.

भरपाईसाठी मालकाची चूक सिद्ध करावी लागत नाही. अपघात कामामुळे व कामाच्या ओघात झाला, एवढे पुरेसे असते. घर ते कामाची जागा या प्रवासातील अपघातही, त्याचा कामाशी संबंध दिसून आल्यास, यात मोडतो.

भरपाईचे गणित सोपे आहे. मृत्यू झाल्यास मासिक वेतनाच्या ५० टक्के आणि कायमचे पूर्ण अपंगत्व आल्यास ६० टक्के रक्कम वयानुसार ठरलेल्या गुणकाने गुणली जाते. तीस वर्षांच्या कामगारासाठी हा गुणक २०७.९८ आहे. त्याचे वेतन १२,००० रुपये असल्यास मृत्यूपोटी वारसांना १२,४७,८८० रुपये, तर पूर्ण अपंगत्वापोटी त्याला १४,९७,४५६ रुपये मिळतात. अंगठा गमावल्यास कमाईची क्षमता ३० टक्के घटली असे मानून त्या प्रमाणात रक्कम ठरते. उपचारांचा प्रत्यक्ष खर्च वेगळा द्यावा लागतो.

नशेत असताना किंवा सुरक्षेचे नियम जाणूनबुजून मोडल्याने इजा झाल्यास मालकाची जबाबदारी उरत नाही. मात्र मृत्यू किंवा कायमचे पूर्ण अपंगत्व ओढवल्यास ही सबब चालत नाही. कंत्राटदाराच्या कामगारांबाबत मूळ मालकही उत्तरदायी असतो. राज्य कामगार विमा योजनेचे संरक्षण असलेल्यांना त्याच योजनेतून लाभ मिळतात.

हक्क बुडतो तो बहुधा आपसातल्या तडजोडीमुळे. म्हणून काही बाबी ध्यानात ठेवाव्यात. अपघाताची लेखी सूचना मालकास शक्य तितक्या लवकर द्यावी. दावा दोन वर्षांच्या आत दाखल करावा. हक्क सोडल्याचा करार कायद्याने रद्दबातल ठरतो. मृत्यूची भरपाई मालकाने राज्य शासनाने नेमलेल्या सक्षम प्राधिकाऱ्याकडेच जमा करावयाची असते. वारसांच्या हाती परस्पर दिलेली रक्कम, तीन महिन्यांच्या वेतनापर्यंतची आगाऊ रक्कम वगळता, भरपाई मानली जात नाही. देय रक्कम एक महिन्यात न दिल्यास व्याज द्यावे लागते. विलंबास समर्थनीय कारण नसेल, तर भरपाईच्या निम्म्यापर्यंत जादा रक्कमही भरावी लागते.

स्थलांतरित कुटुंबांसाठी आणखी एक तरतूद मोलाची आहे. बिहारमधील मजूर सुरतेत मरण पावला, तरी त्याच्या पत्नीला दाव्यासाठी सुरत गाठण्याची गरज नाही. ती राहते त्या जिल्ह्यातही दावा दाखल करता येतो. हजेरीची नोंद, वेतनाची पावती आणि रुग्णालयाची कागदपत्रे जपून ठेवली, तर हा हक्क पदरात पाडून घेणे सुकर होते.