आधी जमीन, मग मनोरा



पेरणीआधी आपण जमीन पाहतो. वाफसा आला का, ढेकळे फुटली का, हे पाहिल्यावाचून कोणी पाभर धरत नाही. पण आपलीच मुले शाळेच्या पटांगणावर एकमेकांच्या खांद्यांवर चढून मनोरा रचतात, तेव्हा खाली जमीन कशी आहे हे आपल्यापैकी किती जण पाहतात? २६ जानेवारी आणि १५ ऑगस्ट जवळ आले की भोपाळच्या शाळांतून आणि आसपासच्या गावांतून कवायतीबरोबर असे मनोरे बसवले जातात. मल्लखांब तर २०१३ पासून मध्य प्रदेशाचा राज्यखेळच आहे. मुलांनी हे खेळ जरूर खेळावेत. अंग काटक होते, धीर वाढतो, एकमेकांवर विश्वास ठेवायची सवय लागते. आमचे सांगणे एवढेच की, आधी जमीन पाहावी आणि मग उंची ठरवावी.

१. पडणे आणि थांबणे

अडीच मीटर उंचीवरून डोके खाली आले, तर जमिनीला लागताना त्याचा वेग ताशी सुमारे २५ किलोमीटर असतो. इजा किती होईल हे पुष्कळसे यावर ठरते की, हा वेग किती अंतरात थांबतो. खालची गादी १० सेंटीमीटर दबली तर जेवढा दणका बसेल, त्याच्या दसपट दणका १ सेंटीमीटर दबणाऱ्या जमिनीवर बसतो. सारवलेल्या खळ्यावर पडलेले मडके फुटते आणि भुसाच्या ढिगावर पडलेले वाचते, त्याचे कारण हेच.

अमेरिकेत २००९ साली याची मोजणी प्रसिद्ध झाली. यंत्र बसवलेले बनावट डोके निरनिराळ्या जमिनींवर टाकून पाहिले. किती उंचीपर्यंत पडल्यास डोक्याला जीवघेणी इजा होऊ नये, हे त्यातून काढले. काँक्रीटवर ही उंची निघाली अवघा अर्धा फूट. काँक्रीटवर बसवलेल्या गुळगुळीत व्हिनाइल फरशीवरही तेवढीच. खाली स्प्रिंग बसवलेल्या खास तक्तपोशीवर मात्र ती ११ फुटांहून अधिक होती. मूल तेच, उंची तीच. फरक फक्त खालच्या जमिनीचा.

२. आखाड्याची शिकवण

आपल्या जुन्या वस्तादांना हे ठाऊक होते. कुस्तीच्या हौद्यातील माती ते खणून, चाळून, तेल, ताक, हळद घालून मऊ ठेवीत. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी, दुसऱ्या बाजीराव पेशव्यांच्या काळात, बाळंभटदादा देवधरांनी मल्लखांबाला नवे जीवन दिले. पुरलेला मल्लखांब जमिनीवर सुमारे अडीच मीटर असतो. आज स्पर्धेत त्याच्या भोवती गाद्या घातल्याशिवाय खेळाडूला चढू देत नाहीत. खांबाला एरंडेल चोळतात, ते गादीवर ठिबकले तर उतरणाऱ्याचा पाय घसरतो. म्हणून गादी पुसणे हेही खेळाचेच काम समजावे.

३. इतरांनी केलेले नियम

अमेरिकेतील शाळांत चिअरलीडिंग नावाचा खेळ आहे. पूर्वी तो सामन्याच्या कडेला उभे राहून आपल्या संघाला प्रोत्साहन देण्यापुरता होता. पुढे त्यात मनोरे आले, मुलीला हवेत उडवून झेलणे आले, आणि त्याच्या स्वतंत्र स्पर्धा सुरू झाल्या. तसे अपघातही वाढले. २००६ साली बास्केटबॉलच्या सामन्यात एक विद्यार्थिनी मनोऱ्यावरून कठीण फरशीवर डोक्यावर पडली. त्यानंतर नियम कडक झाले. माध्यमिक शाळांत उंच उडवून झेलण्याचे प्रकार आता गादी, हिरवळ किंवा रबरी धावपट्टी यांवरच करता येतात. नुसत्या लाकडी वा काँक्रीटच्या फरशीवर नाही. मनोराही दोन देहांच्या उंचीहून अधिक चढवता येत नाही. स्पर्धेसाठी सहा फूट रुंदीच्या फोमच्या पट्ट्या एकमेकींना घट्ट जोडून अंथरतात, कारण दोन पट्ट्यांमधील फटीत पाय अडकला तर घोटा मुरगळतो.

आपल्याकडे दहीहंडी बहुधा डांबरी रस्त्यावरच फुटते. मुंबई उच्च न्यायालयाने २०१४ साली १८ वर्षांखालील मुलांना मनोऱ्यात मनाई केली होती आणि उंचीला २० फुटांची मर्यादा घातली होती. २०१७ पासून वयाची अट १४ वर्षांची झाली. भोपाळला तो निकाल लागू नसला, तरी त्यामागचा विचार आपल्या मुलांनाही लागू आहे.

४. आपल्या पटांगणासाठी

आपली काळी जमीन ऑगस्टमध्ये चिखल होते आणि जानेवारीत भेगाळून दगडासारखी टणक होते. म्हणजे नेमके दोन्ही राष्ट्रीय सण तिच्या वाईट दिवसांत येतात. मग काय करावे?

(अ) मनोऱ्याला जमिनीकडून दोन गोष्टी हव्यात: खाली उभ्या मुलांना पक्का पाय आणि पडणाऱ्याला मऊ जागा. नुसती भुसभुशीत माती खालच्यांचा पाय डळमळवते. म्हणून खडे वेचून, खड्डे व भेगा बुजवून जमीन सपाट करावी आणि वर व्यायामाच्या फोमच्या गाद्या फट न ठेवता जोडाव्यात.

(आ) फरशीवर सतरंजी, पेंढा किंवा घरच्या कापसाच्या गाद्या पसरू नयेत. त्या सरकतात, आणि सरकणारे अंथरूण उघड्या फरशीहून वाईट.

(इ) सरावालाही गाद्या हव्यात. नवी रचना शिकताना मुले जास्त पडतात.

(ई) चारी बाजूंना झेलण्यासाठी मोठी माणसे उभी करावीत. गादी असली तरी मान वाकडी होऊन पडल्यास इजा होते.

(उ) जमीन ओली असेल किंवा गाद्या नसतील, तर मनोरा रद्द करावा. लेझीम आणि डंबेल्सनेही कार्यक्रम रंगतो. पाय जमिनीवरच राहतात.

५. कोणी पडलेच तर

मान किंवा पाठ दुखते म्हणणाऱ्या, अथवा शुद्ध हरपलेल्या मुलाला ओढून उठवू नये, बसवू नये, पाणी पाजू नये. डोके व मान आहे तशी धरून ठेवावी, श्वास चालू आहे याकडे लक्ष द्यावे आणि १०८ वर रुग्णवाहिका बोलवावी. उलटी, वाढती डोकेदुखी, गुंगी, बोलण्यात घोटाळा, हातापायांना मुंग्या, यांपैकी काहीही दिसले तर तडक इस्पितळात न्यावे. भोपाळात हमीदिया आणि एम्स आहेत. मालीश किंवा हाडवैद्याच्या नादी लागून वेळ दवडू नये. डोक्याला मार लागलेल्या मुलाला डॉक्टरांनी सांगेपर्यंत पुन्हा खेळात उतरवू नये.

पालकसभेत विचारायचे प्रश्न

१. आपल्या शाळेत मनोरा कोणत्या जमिनीवर होतो, आणि सराव कोठे होतो?
२. गाद्या किती आहेत, आणि त्या फाटल्या किंवा दबल्या आहेत का?
३. मनोऱ्याची उंची कोण ठरवतो, आणि जमीन ओली असल्यास ‘आज नको’ असे कोण सांगतो?

तिसऱ्या प्रश्नाला एका माणसाचे नाव मिळाले पाहिजे. ‘सगळेच पाहतात’ असे उत्तर आले, तर कोणीच पाहत नाही असे समजावे.