आर्सेनिकचे विष आणि यकृताची शिल्लक

ज्या पाण्याला रंग नाही, वास नाही, ते वर्षानुवर्षे पिऊन माणसाचे यकृत खराब होऊ शकते. पश्चिम बंगालमध्ये हेच घडले. तलावाच्या पाण्याने पटकी, हगवण होते म्हणून गावोगाव कूपनलिका खोदल्या गेल्या. परंतु जमिनीतील गाळाच्या थरांतले आर्सेनिक त्यांच्या पाण्यात उतरलेले होते. १९८३ साली कोलकात्याचे त्वचारोगतज्ज्ञ डॉ. के. सी. साहा यांनी हा रोग ओळखला. तळहात व तळपायांवर कडक गाठी, अंगावर ठिपके ही बाहेरची खूण. पुढे अनेक रुग्णांचे यकृतही वाढलेले आढळले.

हे कसे होते? आर्सेनिक प्रथिनांतील गंधकाला चिकटते व त्यांचे काम बंद पाडते. शिवाय पेशीत ऑक्सिजनचे अतिक्रियाशील रेणू वाढतात आणि पेशीच्या आवरणातील स्निग्ध पदार्थांचा नाश करतात. त्यांना आवरणाऱ्या द्रव्यांना अँटिऑक्सिडंट म्हणतात. यकृतपेशीतील मुख्य अँटिऑक्सिडंट म्हणजे ग्लुटाथायोन. ते या रेणूंना निष्प्रभ करते आणि आर्सेनिकला बांधून पित्तावाटे बाहेर काढण्यासही मदत करते.

मी बँकेत काम करतो, म्हणून माझ्या भाषेत सांगतो. ग्लुटाथायोन ही पेशीची शिल्लक होय. कोलकात्यात उंदरांना दीर्घकाळ आर्सेनिकयुक्त पाणी दिले, तेव्हा आधी ही शिल्लक घटली. यकृतात चरबी साचणे व तंतू वाढणे हे नंतर झाले. क जीवनसत्त्व, ई जीवनसत्त्व आणि हळदीतील कर्क्युमिन दिल्यास हानी कमी होते, असे प्राण्यांवरील प्रयोगांत दिसले आहे. मात्र यावरून माणसाचा आजार गोळ्यांनी बरा होतो, असे समजू नये.

ग्लुटाथायोन तयार होते ते अन्नातील प्रथिनांपासून. म्हणून ज्याच्या ताटात डाळ, अंडे, मासळी कमी, त्याच्या खात्यात जमाच कमी. बंगालमधील पाहणीत कुपोषित लोकांत त्वचेची लक्षणे अधिक आढळली, ती उगीच नव्हे. गरिबाला विष आणि उपासमार, दोन्हींचा मार एकदम बसतो.

पाणी उकळून आर्सेनिक जात नाही. जागतिक आरोग्य संघटनेने लिटरमागे १० मायक्रोग्रॅम ही मर्यादा सांगितली आहे. पाणी त्या मर्यादेत आहे की नाही, हे तपासणीनेच कळते. सकस आहार ही जमा आहे. पण विषारी पाण्याचा खर्च रोज चालूच राहिला तर कोणतेही खाते टिकणार नाही. पहिला उपाय शुद्ध पाणी, मग बाकी सारे.