लखनौत दोन रात्री, कामानिमित्त

कामाच्या प्रवासात शहर बघायला वेळच मिळत नाही, ही तक्रार अर्धीच खरी आहे. दहा ते सहा कचेरीचे. ते गेले म्हणायचे. पण सकाळी सहा ते साडेनऊ आणि संध्याकाळी साडेसहा ते नऊ हे तास आपले असतात. ते आपण हॉटेलच्या टीव्हीसमोर आणि खोलीभाड्यात धरलेल्या नाश्त्याच्या रांगेत घालवतो. ऑडिटच्या कामासाठी मी लखनौला बऱ्याचदा गेले आहे, दर खेपेला दोन रात्री. पहिल्या दोन खेपा वाया गेल्या. त्यानंतर जी पद्धत बसली ती एका ओळीत सांगायची तर सकाळ चौकाला, संध्याकाळ हजरतगंजला. बाकी सगळा तपशील आहे, पण खरी गंमत त्या तपशिलातच आहे.

१. आधी वार बघा

अमीनाबादचा बाजार गुरुवारी बंद असतो, हजरतगंज रविवारी. मी एकदा यादी खिशात घेऊन गुरुवारी संध्याकाळी अमीनाबादला पोचले आणि ओळीनं खाली ओढलेली शटरं बघून परत आले. मोहरमच्या दिवसांत इमामबाड्यांत मजलिसा चालतात, तेव्हा पर्यटक म्हणून आत जायचा बेत करू नका. डिसेंबरअखेर ते जानेवारी धुकं इतकं दाट पडतं की सकाळची विमानं तासन् तास रखडतात. त्या दिवसांत परतीचं तिकीट दुपारचं काढावं.

सूर्याचाही हिशेब करा. लखनौ मुंबईच्या पूर्वेला आहे, त्यामुळे जूनमध्ये तिथे सव्वापाचलाच उजाडतं आणि डिसेंबरात साडेपाचच्या आत अंधारतं. म्हणजे जुन्या इमारती बघायच्या त्या सकाळीच. कचेरी सुटल्यावर जाऊ म्हणाल तर कुलूप बघाल.

२. सामान

पटकन काढता-घालता येतील असे बूट, सुट्ट्या नोटा, हिवाळ्यात मोजे आणि जाड स्वेटर (जानेवारीत रात्री पारा सात-आठ अंशांवर येतो आणि साध्या हॉटेलात हीटर मागितल्याशिवाय मिळत नाही). शिवाय बाकरवडीचे दोन पुडे. हे चैनीत धरू नका, कामाच्या सामानात धरा. ज्या कचेरीत फाइल निघायला तीन दिवस लागणार असतात तिथे पुडा फुटल्यावर दीड दिवसात निघते, असा माझा अनुभव.

३. हिंदी दुरुस्त करून घ्या

आपलं मुंबई-पुण्याचं हिंदी लखनौत चालतं, पण समोरच्याच्या चेहऱ्यावर एक बारीक कळ उमटवून चालतं. पहिल्या खेपेला मी एका वयस्क हेडक्लार्कना म्हणाले, "तुम बैठो, मैं देखती." खोलीत क्षणभर शांतता. ते उठून उभे राहिले आणि खुर्ची माझ्याकडे सरकवत म्हणाले, "जी, आप तशरीफ़ रखिए." तेव्हापासून मी विमानातच घोकत जाते: चहावाला असो की सचिव, सगळ्यांना 'आप', 'मेरेको' नाही, 'मुझे', आणि समोरचा माणूस स्वतःला 'हम' म्हणाला तर तो अनेक जणांच्या वतीनं बोलतोय असं समजू नये, तो एकटाच असतो.

सारखे दिसणारे शब्द जास्त दगा देतात. एका बैठकीत मी ठासून सांगितलं, "जिसने गलती की है उसको शिक्षा मिलनी चाहिए." सगळ्यांनी माना डोलावल्या. साहेब म्हणाले, "बिल्कुल, ट्रेनिंग का इंतज़ाम करवा देते हैं." शिक्षेला तिकडे 'सज़ा' म्हणतात, हे मला परतीच्या विमानात आठवलं.

आणि 'भैया'. आपल्याकडे या शब्दाचं आपण जे करून ठेवलंय ते तिथे गेल्यावर जरा टोचतं. रिक्षावाल्याला, दुकानदाराला, लिफ्टवाल्याला तिथल्या बायका सहज 'भैया' म्हणतात, आणि तो शब्द पुन्हा भाऊ होतो.

४. मुक्काम हजरतगंजात

विमानतळासमोरच मेट्रोचं स्टेशन आहे. लखनौची मेट्रो २०१७ साली सुरू झाली आणि २०१९ मध्ये विमानतळ ते मुन्शीपुलिया अशी पूर्ण झाली. एकच मार्ग, २१ स्टेशनं, चुकायला वाव नाही. हजरतगंजला उतरा. काम सचिवालयात किंवा आसपासच्या सरकारी कचेऱ्यांत असेल तर चालत जाल. गोमतीनगरमध्ये असेल तर तिथले यजमान तिकडचंच हॉटेल सुचवतील, पण नम्रपणे नकार द्या. गोमतीनगर रुंद रस्त्यांचं, नव्या इमारतींचं आहे. तिथे राहिलात तर तुमच्या दोन्ही संध्याकाळी टॅक्सीत जातील. रेल्वेनं येणार असाल तर तिकिटावरचं स्टेशनचं नाव नीट वाचा. चारबागला दोन वेगवेगळी स्टेशनं शेजारीशेजारी आहेत आणि ऐन वेळी बॅग घेऊन धावायला लागतं.

५. पहिली संध्याकाळ: गंज

सामान टाकून फक्त चालायचं. याला तिथे 'गंजिंग' म्हणतात. उगाच इकडून तिकडे, दुकानांच्या काचांतून बघत. रॉयल कॅफेची बास्केट चाट खा. बटाट्याच्या किसाची तळलेली टोपली असते आणि तिच्यात सगळं काही. दोघांत एक पुरते. पाणीपुरी मागाल तर कळेल, पण 'बताशे' म्हणालात तर दुकानदार खूश होतो, आणि पाच निरनिराळ्या चवींच्या पाण्यांचे बताशे एकामागून एक येतात. लवकर झोपा. पहाटे उठायचंय.

६. दुसऱ्या दिवशी पहाटे: चौक

साडेसहाला गोल दरवाजापाशी पोचा. हिवाळा असेल तर तिथे मोठ्या परातींत पिवळसर फेसाचे डोंगर रचलेले दिसतील. ते मक्खन मलाई. दूध रात्री थंडीत, दवात ठेवून पहाटे घुसळतात आणि वरचा फेस काढून साखर-केशर घालतात. बनारसमध्ये यालाच मलइयो म्हणतात. तोंडात घातल्यावर चावायला काही उरत नाही. ऊन चढलं की फेस बसतो, म्हणून नऊनंतर जाण्यात अर्थ नाही, आणि होळीनंतर तर नाहीच.

मग गल्लीनं अकबरी दरवाजाकडे निघा. मांसाहारी असाल तर तिकडे सकाळीच निहारी-कुलचा मिळतो. निहारी म्हणजे नळीचं मांस रात्रभर मंद आचेवर शिजवून केलेला दाट रस्सा. इथे एक शब्दांची जोडी पाठ करा: 'बड़े का' म्हणजे म्हशीचं, 'छोटे का' म्हणजे बकऱ्याचं. आधी विचारलं की कुणाला वाईट वाटत नाही, नंतर विचारलं की दोघांनाही वाटतं. टुंडे कबाबीचं १९०५ पासूनचं मूळ दुकान याच टोकाला आहे. शाकाहारी मंडळींनी राम आसरेकडची मलाई गिलौरी शोधावी. सायीच्या पातळ पापुद्र्यात खडीसाखर आणि सुका मेवा घालून विड्यासारखी घडी केलेली असते. मी दोन्हीकडे जाते.

चौकात चालताना अमृतलाल नागर आठवतात. हिंदीतले हे मोठे कादंबरीकार याच मोहल्ल्यात राहिले, आणि 'बूँद और समुद्र' ही त्यांची कादंबरी इथल्या गल्ल्यांचीच आहे. वरसईच्या गोडसे भटजींचा 'माझा प्रवास' हिंदीत नेला तोही नागरांनीच, 'आँखों देखा ग़दर' या नावानं.

साडेनऊच्या आत हॉटेलवर. आंघोळ, इस्त्रीचे कपडे. बैठकीत जांभई आली तर चहा मागवा. चहा नेहमीच येत असतो.

७. दुसरी संध्याकाळ: आधी कैसरबाग, मग खरेदी

कचेरीतून शक्यतो पाचला निघा. 'देख लेते हैं' असं उत्तर मिळालं की त्या दिवसापुरतं काम संपलं असं समजावं, रेटत बसू नये.

कैसरबागेत वाजिद अली शाहच्या परीखान्याची इमारत आहे. या नवाबाला इंग्रजांनी १८५६ मध्ये पदच्युत केलं. परीखान्यात तो नाचगाणं शिकवून घेत असे. त्याच वास्तूत आज भातखंडे संस्कृती विश्वविद्यालय आहे. वाळकेश्वरला जन्मलेले, वकिली सोडून गाण्याच्या मागे लागलेले विष्णु नारायण भातखंडे यांच्या खटपटीतून १९२६ मध्ये लखनौत मॅरिस कॉलेज उभं राहिलं, ते हेच. भातखंड्यांनी 'हिंदुस्थानी संगीत पद्धती'चे चार भाग मराठीत लिहिले. घराण्यांनी पोटाशी धरून ठेवलेल्या चिजा गोळा केल्या, रागांची दहा थाटांत मांडणी केली आणि फी भरून वर्गात बसून गाणं शिकता येईल अशी सोय केली. तेही ठुमरीच्या आणि कथकच्या शहरात! उस्तादांना हे कसं रुचलं असेल याची कल्पना करावी. त्यांचे शिष्य श्रीकृष्ण नारायण रातंजनकर इथे वर्षानुवर्षं प्राचार्य होते. के. जी. गिंडे बेळगावकडच्या बैलहोंगलहून अकराव्या वर्षी त्यांच्याकडे शिकायला आले, दिनकर कैकिणी, एस. सी. आर. भट इथेच घडले. आत जायचं तर फाटकावर परवानगी विचारा. मिळाली नाही तरी बाहेर पाच मिनिटं उभं राहा. एका खिडकीतून तबला, दुसरीतून अडखळत घेतलेली तान ऐकू येते. मला दर खेपेला उभं राहावंसं वाटतं, आणि प्रत्येक वेळी सोबतचा सहकारी घड्याळ बघतो.

आता चिकन. म्हणजे कापडावरचं. वेळ कमी असेल तर हजरतगंजचं जनपथ मार्केट, घासाघीस जमत असेल तर चौक किंवा अमीनाबाद. घेण्याआधी कापड उलटं करा. मशीनचं काम मागूनही एकसारखं, शिस्तीत दिसतं. हातच्या कामात मागे गाठी, दोऱ्यांच्या उड्या, थोडा गोंधळ असतो, आणि त्याचेच तुम्ही पैसे देत असता. पुढून बोट फिरवा: 'फंदा' आणि 'मुर्री' हे टाके बाजरीच्या, तांदळाच्या दाण्यासारखे बोटाला लागतात. 'बखिया' मागून भरतात, त्यामुळे पुढून फक्त सावली दिसते. 'जाली'मध्ये धागे कापत नाहीत, सुईनं बाजूला सारून भोकं पाडतात. कुर्ता उन्हाकडे धरा, जाली फाटकी नसून घट्ट आहे हे दिसलं पाहिजे. मला एकदा एका दुकानदारानं शपथेवर 'हाथ का' म्हणून दिलेला कुर्ता घरी उलटा केल्यावर मशीनचा निघाला. चूक माझी, मी दुकानात उलटा केला नव्हता.

कापडावर कुठे निळी रेघ दिसली तर घाबरू नका. नक्षी आधी लाकडी ठशानं निळीत छापतात, मग आसपासच्या गावांतल्या बायका ती भरतात, आणि भरून झाल्यावर कापड धुवायला जातं. न धुतलेला तुकडा स्वस्त पडतो. मी तोच घेते.

८. शेवटची सकाळ: इमामबाडा किंवा रेसिडेन्सी

दोन्ही करायला जाऊ नका. तिकीटखिडकी केव्हा उघडते ते आदल्या रात्री हॉटेलात विचारून ठेवा.

बडा इमामबाडा आसफउद्दौलानं १७८४ च्या दुष्काळात लोकांना काम मिळावं म्हणून बांधायला घेतला. घरंदाज लोकांना मजुरी करताना लाज वाटू नये म्हणून ते रात्री अंधारात, दिवसा बांधलेलं पाडायला यायचे, असं गाइड सांगतात. खरंखोटं देव जाणे, पण ऐकायला बरं वाटतं. पाहण्यासारखी गोष्ट म्हणजे आतलं दालन: सुमारे ५० मीटर लांब, १६ मीटर रुंद, १५ मीटर उंच, आणि मध्ये एकही खांब नाही, तुळई नाही. वरची भुलभुलैया लोक खेळ म्हणून बघतात. खरं तर एवढ्या मोठ्या कमानदार छताचा भार हलका करायला भिंती पोकळ ठेवल्या, त्या पोकळ्यांच्याच या वाटा. गाइड घ्या आणि पैसे वर चढण्याआधी ठरवा. सज्जाच्या एका टोकाला तो कागद फाडतो आणि तुम्हाला दुसऱ्या टोकाला ऐकू येतं. बाहेर आलात की रूमी दरवाजा समोरच आहे.

एकटं राहायचं असेल तर मात्र रेसिडेन्सी. १८५७ मध्ये इंग्रज इथे जूनअखेरपासून नोव्हेंबरपर्यंत वेढ्यात अडकले होते. तोफगोळ्यांनी फुटलेल्या भिंती तशाच ठेवल्यात. आता सभोवती हिरवळ आहे आणि सकाळी फिरायला येणारे लोक.

अयोध्या आणि बिठूर मनातून काढून टाका. पेशव्यांचं बिठूर मराठी माणसाला खुणावतं हे खरं, पण ते कानपूरच्या पलीकडे आहे आणि तुमचं विमान दुपारी आहे.

९. परतताना

चारबागजवळ रेवडी मिळते, तिळाची, करकरीत. पुडे हातातल्या बॅगेत वर ठेवा, सुरक्षा तपासणीला बॅग उघडायला लावलीच तर शोधाशोध नको. खर्चाच्या बिलांत मेट्रो आणि टॅक्सी लावा. मक्खन मलाईची पावती मिळत नाही.

घरी आल्यावर तो न धुतलेला तुकडा इतर कपड्यांत टाकू नका. बादलीत थंड पाणी घ्या, थोडी सौम्य पावडर विरघळवा, कापड अर्धा तास बुडवून ठेवा आणि न पिळता हातानं दाबत राहा. ठशाची नीळ सुटून पाणी हळूहळू निळं होतं. ते ओतून द्या, दुसरं घ्या. तिसऱ्या पाण्यात फक्त पांढरं काम उरतं. उलटं करून सावलीत वाळत घाला.